बाजार आपला, चावीही आपलीच हवी

काही महिन्यांपूर्वी आमच्या भागातल्या बचत गटांसाठी एक प्रशिक्षण झालं. विषय होता ‘सोशल मीडिया मार्केटिंग’. हॉलमध्ये पंखे गरगरत होते, पडद्यावर रंगीत चित्रं सरकत होती आणि एक हुशार, उत्साही मुलगा दोन तास बोलत होता. रीच, एंगेजमेंट, अल्गोरिदम, कंटेंट कॅलेंडर, टार्गेट ऑडियन्स... समोर बसलेल्या चाळीसेक बायका माना डोलवत होत्या. मीसुद्धा डोलवत होते. शेवटी त्याने विचारलं, ‘‘काही शंका?’’ कुणालाच शंका नव्हती. चहा झाला, वडापाव झाला, हजेरीच्या वहीवर सह्या झाल्या आणि सगळ्या आपापल्या वाटेला लागल्या.

थळला परतताना मिनीडोअरमध्ये माझ्या शेजारी आमच्या गटातल्या एक मावशी बसल्या होत्या. पन्नाशी उलटलेली, सगळं आयुष्य सुक्या मासळीच्या धंद्यात गेलेलं. बराच वेळ गप्प होत्या. मग हळूच माझ्या कानाशी लागून म्हणाल्या, ‘‘बाय, त्या पोरानं लय चांगला सांगलान. पन मना काय कलला नाय गो.’’

आम्ही दोघी इतक्या हसलो, की ड्रायव्हरने आरशातून मागे बघितलं. हसू ओसरलं आणि मग मात्र मला वाईट वाटलं. कारण या मावशींना मार्केटिंग शिकवायचं म्हणजे माशाला पोहायला शिकवण्यासारखंच. कुठल्या बंगल्यावर सोडे खपतील आणि कुठल्या चाळीत जवळा, हे त्यांना पाठ. श्रावणात कुठे फिरकायचं नाही, हेही पाठ. तो मुलगा ज्याला ‘टार्गेट ऑडियन्स’ म्हणत होता ते हेच ना? पाटी खाली ठेवल्याबरोबर त्या आधी विचारतात, ‘‘सुनेचं बाळंतपण नीट झालं ना?’’ मग बोंबलाचा भाव सांगतात. हेच ते ‘एंगेजमेंट’. वाटा लावताना चांगला माल वर दिसेल असा लावायचा, पण खाली खराब घालायचा नाही, कारण गिऱ्हाईक उद्या पुन्हा यायला हवं. ‘ब्रँड’ म्हणतात तो याहून वेगळा काय असतो? ज्ञान त्यांच्याकडे होतंच. त्यांच्या शब्दांत ते कुणी सांगितलं नाही, एवढंच.

पुढच्याच रविवारी दुपारी आम्ही नऊ जणी माझ्या ओटीवर बसलो. प्रत्येकीला सांगितलं होतं, आपला फोन घेऊन ये. मी काही संगणकातली तज्ज्ञ नाही. बी. ए. झालेली गृहिणी, गटांचं काम करते. पण गेल्या काही वर्षांत धडपडत, चुकत जे शिकले ते सांगायचं ठरवलं. त्या दुपारी जे बोलणं झालं ते तुमच्याही गावात उपयोगी पडेल, म्हणून इथे मांडते.

पहिलाच प्रश्न एका सूनबाईने विचारला आणि तो फार नेमका होता. ‘‘ताई, हे सगळं फुकट कसं? जत्रेत पाल टाकायलासुद्धा पैसे लागतात.’’

मी म्हटलं, जत्रेचंच उदाहरण घेऊ. फेसबुक २००४ साली सुरू झालं, यू-ट्यूब २००५ साली, व्हॉट्सअॅप २००९ साली आणि इन्स्टाग्राम २०१० साली. पुढे फेसबुकवाल्यांनी २०१२ साली इन्स्टाग्राम विकत घेतलं आणि २०१४ साली व्हॉट्सअॅप. २०२१ पासून त्या कंपनीचं नाव मेटा. म्हणजे आपण ज्या तीन जत्रांत हिंडतो त्यांचा मालक एकच आहे. त्याची मुख्य कमाई जाहिरातींची. आता जाहिरात कोण बघणार? जत्रेत रेंगाळणारा माणूस. म्हणून माणूस जास्तीत जास्त वेळ रेंगाळावा, अशी मालकाची सगळी खटपट. ज्या पालासमोर दहा माणसं थांबली, प्रश्न विचारू लागली, त्या पालाकडे तो आणखी पन्नास माणसं वळवतो. जिथे कुणी थांबत नाही, तो पाल अंधारात. या वळवण्याच्या हिशेबालाच ‘अल्गोरिदम’ म्हणतात. त्यात जादू नाही आणि तो आपला शत्रूही नाही. पण तो आपला भाऊही नाही, हे विसरायचं नाही.

‘‘मंग आपुन कुठं बसायचा?’’ मावशींनी विचारलं.

ज्याची त्याची जागा वेगळी. व्हॉट्सअॅप म्हणजे आपली ओटी. तिथे ओळखीची माणसं येतात. आपल्यासारख्या छोट्या विक्रेतीची सुरुवात तिथूनच व्हावी, असं माझं मत आहे. २०१८ सालापासून ‘व्हॉट्सअॅप बिझनेस’ नावाचं वेगळं अॅप आहे, तेही फुकट. त्यात आपल्या मालाची यादी फोटो आणि किमतीसकट मांडून ठेवता येते. फेसबुक म्हणजे गावचा नाका. तिथे गावातून मुंबई-पुण्याला गेलेली माणसं भेटतात, चाळिशी-पन्नाशीची मंडळी जास्त. इन्स्टाग्राम म्हणजे दुकानाची काचेची खिडकी. चालता चालता नजर पडली पाहिजे. तिथे तरुण पोरं, शनिवार-रविवारी फिरायला निघणारी. आणि यू-ट्यूब म्हणजे स्वयंपाकघर, जिथे माणूस काहीतरी शिकायला येतो. सुक्या बोंबलाची चटणी कशी करायची, हे तिथे शोधतात.

चारही ठिकाणी एकदम पाल टाकायची गरज नाही. आपलं गिऱ्हाईक कुठे बसतं ते आधी बघायचं. मसाले-लोणची-कोकम विकणारीला व्हॉट्सअॅप आणि फेसबुक पुरेसं आहे. घरगुती राहण्याजेवणाची सोय करणारीला इन्स्टाग्राम हवं. २०२० साली भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो सुरू झाली आणि मुंबईकर गाडीसकट अलिबागला उतरू लागला. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशात घेतलं, त्यात आपल्या थळसमोरचा खांदेरी आहे. शिवाजी महाराजांनी १६७९ साली ज्याच्या बांधकामाला हात घातला तो किल्ला आपण रोज उठून अंगणातून बघतो. पण बाहेरच्या माणसाला तो आधी फोनवर दिसतो. ‘खांदेरीला कुठून जायचं, जेवायला कुठे मिळेल?’ असं तो फोनलाच विचारतो. तेव्हा त्याला थळच्या एखाद्या सुगरणीचं नाव दिसलं, तर वाईट काय?

आता टाकायचं काय? तर खरं आणि पुरेसं. फोटो दिवसाउजेडी काढायचा, मागे बादली-केरसुणी दिसू द्यायची नाही. आणि पाच गोष्टी लिहायच्या: काय आहे, किती आहे, केवढ्याला आहे, कुठे मिळेल आणि कसं मागवायचं. एवढं साधं, पण निम्म्या जणी किंमत लिहीतच नाहीत. ‘किमतीसाठी मेसेज करा.’ का बरं? बाजारात आपण भाव न सांगणाऱ्या दुकानात शिरतो का? आपल्याला वाटतं, किंमत बघून गिऱ्हाईक पळेल. जो पळणार तो विचारूनही पळणारच. उलट ज्याला घ्यायचंच आहे तो विचारायच्या कंटाळ्याने निघून जातो.

खाण्याचा पदार्थ पाकिटात भरून विकत असाल, तर एफएसएसएआयची नोंदणी करून घ्या. छोट्या उत्पादकांसाठी साधी नोंदणी असते. तो चौदा आकडी नंबर, केल्याची तारीख आणि किती दिवस टिकेल ते पाकिटावर लिहा आणि पाकिटाचा तसाच फोटो टाका. मुंबईतली अनोळखी बाई तुमच्या घरचं लोणचं कशाच्या भरवशावर घेईल? तुमच्या आज्जीच्या हाताची चव तिला ठाऊक नाही. तो नंबर तिला वाचता येतो.

खरं टाका म्हणाले, त्यालाही कारण आहे. आपल्या अलिबागच्या पांढऱ्या कांद्याचंच बघा. १८८३ सालच्या कुलाबा गॅझेटियरमध्येही ज्याचा उल्लेख आहे, त्या कांद्याला २०२१ साली भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय मिळालं. भात कापणीनंतर त्याच शेतात लावायचा, उन्हाळ्याच्या तोंडाला काढायचा आणि मग घराघरातल्या बायका वेण्या वळायला बसतात. नाव मोठं झालं आणि बाहेरून आणलेल्या पांढऱ्या कांद्याच्या माळाही ‘अलिबागचा’ म्हणून रस्त्यावर लटकू लागल्या. पर्यटकाला फरक कळत नाही. आता अशा वेळी ज्या बाईने आपल्या वाफ्याचा, काढणीचा, वेणी वळतानाच्या हातांचा दोन मिनिटांचा साधा व्हिडिओ टाकला, तिच्या कांद्याला वेगळी साक्ष लागत नाही. आपला खरेपणा दाखवायला याहून स्वस्त साधन आपल्या आयांना कधी मिळालं नव्हतं. आणि हेच साधन खोटं बोलायलाही तितकंच सोपं आहे. बाहेरचा कांदा अलिबागचा म्हणून एकीने विकला आणि ते उघडकीला आलं, तर बट्टा साऱ्या तालुक्याला लागतो.

यावरून आठवलं. आमच्या ओळखीच्या एका गटाला कुणीतरी गाठलं. ‘‘महिन्याला इतके हजार द्या, तुमचं पेज गाजवून देतो.’’ पंधरा दिवसांत फॉलोअर आठ हजारांवर गेले. बायका खूश, मिठाई वाटली. पण महिना झाला, दोन महिने झाले, कोकमाची एक बाटली काही जास्त खपेना. मी नावं वाचायला घेतली. कुठल्या कुठल्या देशांतली, फोटो नाहीत, कुणी मराठी नाही. विकत आणलेली गर्दी होती ती. याचं नुकसान पैशापुरतंच थांबत नाही. आपण काही टाकलं की जत्रेचा मालक ते आधी या मुक्या गर्दीतल्या काहींना दाखवतो. ते ढिम्म बसतात. मालकाला वाटतं, माल बरा नाही, आणि खऱ्या गिऱ्हाइकांपर्यंत आपण पोहोचतच नाही. तेव्हा मैत्रिणींनो, आठ हजार मुक्यांपेक्षा ऐंशी बोलकी माणसं बरी. आमच्या मावशींनी याचं सार एका वाक्यात सांगितलं, ‘‘भवानी करील तो गिऱ्हाईक.’’

आणखी एक. गर्दी खरी असली तरी आपली तयारी हवी. एकीच्या बोंबलाच्या व्हिडिओला अचानक खूप प्रतिसाद आला. चार दिवसांत दोनशेच्या वर मागण्या. घरात माल होता तीस-पस्तीस जणांपुरता आणि तोंडावर पावसाळा. बिचारी रडकुंडीला आली. कुणी आगाऊ पैसे पाठवलेले, कुणी चिडून वाईटसाईट लिहिलेलं. शेवटी तिने सगळ्यांचे पैसे परत केले आणि एक साधी ओळ टाकली: ‘माल संपला, पुढचा ऑक्टोबरनंतर, नाव लिहून ठेवते.’ लोकांनी समजून घेतलं. माणसं उशीर सोसतात, उत्तर न मिळणं सोसत नाहीत. आणि जिचा सगळा माल दारातच संपतो, तिने ‘जग पुढे चाललंय’ म्हणून रील काढत बसायची काहीच गरज नाही. हेही कुणीतरी सांगायला हवं.

चुका माझ्याही झाल्या आहेत. एका मैत्रिणीच्या घरी राहायला आलेल्या पाहुण्यांसोबत मी पोपटी लावली होती. मडक्याभोवती नाचणाऱ्या त्यांच्या छोट्या मुलीचा फोटो इतका गोड आला, की मी विचार न करता पेजवर टाकून दिला. दुसऱ्या दिवशी तिच्या आईचा फोन. ती भांडली नाही, पण म्हणाली, ‘‘माझ्या मुलीचा चेहरा कुणी बघावा, हे मी ठरवणार होते ना?’’ मला काय बोलावं सुचेना. फोटो लगेच काढला, माफी मागितली. तेव्हापासून नियम: माणसाचा फोटो टाकण्याआधी विचारायचं. मूल असेल तर त्याच्या आई-वडिलांना विचारायचं. पदार्थाला विचारावं लागत नाही, त्याचे हवे तितके टाका.

आता मुद्द्याचं. ज्यासाठी मी हा लेख लिहायला बसले ते.

ओटीवर जमलेल्या नऊ जणींपैकी सहा जणींच्या नावाने काही ना काही पेज, खातं होतं. मी सहज विचारलं, ‘‘पासवर्ड कुणाकडे आहे?’’ एकीने मुलाचं नाव घेतलं. दुसरीने दिराचं. तिसरीच्या खात्याला नवऱ्याचा नंबर जोडलेला. सहातल्या फक्त एकीला स्वतःचा पासवर्ड माहीत होता. तिनेही तो कॅलेंडरवर लिहून ठेवला होता, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा!

तेव्हा एक जण बोलू लागली. मसाले करते ती. दोन वर्षांपूर्वी भाच्याने तिला पेज काढून दिलं. त्याच्या नंबरावर, त्याच्या ई-मेलवर. तोच फोटो टाकायचा, तोच उत्तरं द्यायचा. धंदा बरा चालला. मग जमिनीवरून दोन घरांत वाजलं. भाच्याने एका रात्रीत पेजचं नाव बदललं आणि तिथे स्वतःच्या मित्राच्या धंद्याची जाहिरात लावली. दोन वर्षांची गिऱ्हाइकं, त्यांचे नंबर, त्यांनी लिहिलेले चांगले शब्द, सगळं गेलं. ‘‘मसाला मी कुटला,’’ ती म्हणाली, ‘‘डोळ्यांची आग मी सोसली. आणि मला माझ्याच दुकानात शिरता येईना.’’

ओटीवर कुणी काही बोललं नाही. प्रत्येक जण आपल्या हातातल्या फोनकडे बघत होती.

सातबाऱ्यावर बाईचं नाव लागावं म्हणून आपण किती वर्षं भांडलो. घराच्या उताऱ्यावर नाव, रेशनकार्डावर नाव, मुलाच्या नावापुढे आईचं नाव. आणि आता हा नवा बाजार उभा राहतोय, तिथे आपण आपणहून चावी दुसऱ्याच्या हातात देतोय. ‘मला बाई त्यातलं कळत नाही’ असं म्हणून. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात दिसलं, की देशातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी साधारण ५४ टक्के स्त्रियांकडेच स्वतः वापरतात असा मोबाइल होता. म्हणजे जवळपास निम्म्यांकडे नव्हता. ज्यांच्याकडे आहे त्यांनी तरी तो आपल्या नावाने वापरावा की नाही?

घरातल्या मुलांवर माझा राग नाही. त्यांची मदत जरूर घ्यावी. माझ्या लेकानेच मला निम्मं शिकवलंय. पण मदत घेणं वेगळं आणि चावी सोपवणं वेगळं. १९५९ साली गिरगावात सात जणींनी ऐंशी रुपये उसने घेऊन लिज्जत पापड सुरू केला. पुढे तो कुठल्या कुठे गेला, पण तिथली प्रत्येक सभासद बाई मालकीणच राहिली. पापड लाटणाऱ्या हातातच मालकी, ही त्यांची खरी कमाई. आपल्या छोट्या पेजलाही तोच नियम लावायचा.

म्हणून आम्ही त्या दुपारी पुढचं सगळं बाजूला ठेवून एवढंच केलं. धंद्यासाठी वेगळं सिमकार्ड घ्यायचं, ते स्वतःच्या नावावर. घरचा नंबर पेजवर टाकायचा नाही. एकीला रात्री अकरा-अकराला ‘हाय, फोटो पाठवा’ असे मेसेज यायचे, तिने घाबरून धंदाच बंद केला होता. आता वेगळा फोन रात्री आठला बंद. नको त्या माणसाला ब्लॉक करायचं, त्यात उद्धटपणा नाही. पासवर्ड स्वतः ठरवायचा, घरच्यांच्या जन्मतारखेचा नको. व्हॉट्सअॅपच्या सेटिंगमध्ये ‘टू-स्टेप व्हेरिफिकेशन’ असतं, तिथे सहा आकडी पिन घालून ठेवायचा. फोनवर आलेला ओटीपी सख्ख्या बहिणीलाही सांगायचा नाही. गटाचं पेज असेल तर किमान दोन जणी ‘अॅडमिन’ हव्यात, आणि तसा ठराव गटाच्या इतिवृत्तात लिहून ठेवायचा.

हे सगळं अतिरेकाचं वाटतं? नगर जिल्ह्यातल्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरमधल्या, सारोळा कासारच्या सुमन धामणे आजी आठवा. नातवाच्या मदतीने त्यांनी ‘आपली आजी’ हे यू-ट्यूब चॅनल सुरू केलं आणि कारल्याच्या भाजीपासून घराघरात पोहोचल्या. ऑक्टोबर २०२० मध्ये कुणीतरी त्यांचं चॅनल हॅक केलं. चारेक दिवसांनी ते परत मिळालं, पण त्या दिवसांत त्यांच्या जिवाची काय घालमेल झाली असेल! इतक्या प्रसिद्ध आजींवर ही वेळ येते, तर आपण कोण?

आणि चावी आपल्याकडे असली तरी जागा भाड्याचीच, हेही लक्षात असू द्या. जून २०२० मध्ये सरकारने टिकटॉकवर बंदी घातली आणि खेड्यापाड्यातल्या कितीतरी मुली-बायकांनी जमवलेले लाखो फॉलोअर एका रात्रीत नाहीसे झाले. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सअॅप तिन्ही सुमारे सहा तास जगभर बंद पडली होती. जत्रेच्या मालकाने पाल उठवला तर आपण काय करणार? माझा उपाय जुनाच आहे. एक दोनशेपानी वही. प्रत्येक गिऱ्हाइकाचं नाव, नंबर, गाव, काय घेतलं, कधी घेतलं. व्हॉट्सअॅपच्या ब्रॉडकास्ट लिस्टवरून पाठवलेला मेसेज तरी त्यालाच मिळतो, ज्याने आपला नंबर जतन केलाय. म्हणून पहिल्या ऑर्डरलाच गोड शब्दांत सांगायचं, ‘‘माझा नंबर सेव्ह करा हं, नवीन माल आला की कळवेन.’’

पैशाबद्दल एकच गोष्ट, पण ती देवघराशेजारी लिहून ठेवा. पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन फक्त द्यायला लागतो. ‘मी लष्करातला अधिकारी, तुमचा सगळा माल घेतो, हा क्यूआर स्कॅन करा, पिन टाका म्हणजे पैसे जमा होतील’ असं कुणी म्हणालं, की समजायचं चोर आहे आणि फोन ठेवायचा. फसलातच तर लाजत बसू नका, ताबडतोब १९३० वर फोन करा. जितक्या लवकर कराल तितकी पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त.

शेवटी दोन शब्द प्रशिक्षण देणाऱ्यांसाठी. १९७५ साली महिला आर्थिक विकास महामंडळ स्थापन झालं, पुढे ‘उमेद’ अभियान आलं. गटांच्या बायकांना घराबाहेर काढून बँकेपर्यंत नेण्यात या कामाचा वाटा मोठा आहे, तो मी जवळून पाहिलाय. म्हणूनच हक्काने सांगते. चाळीस जणींना पडदा दाखवू नका. दहा जणींना बसवा, प्रत्येकीच्या हातात तिचा फोन असू द्या. पहिल्या दिवशी फक्त नंबर, पासवर्ड आणि बँकखातं तिच्या नावावर आहे का तेवढं बघा. महिन्याने परत या आणि विचारा, विकलं किती? हजेरीवहीतल्या सह्या मोजून धंदा वाढत नाही. आणि शिकवण्याआधी अर्धा दिवस आमच्या मावशींसोबत बाजारात बसा. गिऱ्हाईक कसं ओळखायचं, ते त्या तुम्हाला फुकट शिकवतील.

तसा त्या दुपारी ओटीवर त्यांनी मला शिकवलाच. सगळ्या निघायच्या वेळेला मावशी मात्र फोन घेऊन बसूनच होत्या. कांद्याच्या चार वेण्या त्यांनी खिडकीच्या उजेडात टांगल्या, फोटो काढला आणि स्टेटसला टाकण्याआधी मला म्हणाल्या, ‘‘भाव तू लिव, पन माज्या नावानं लिव.’’ मी लिहिलं. पासवर्ड त्यांनी मला सांगितला नाही. मी विचारला, तरी नाही!